खुशालरावांच्या शेजारची सीट

जठारपेठ, अकोला
९ मार्च २०२५

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

श्रीलंकेहून परवा सुखरूप पोचले. सुखरूप म्हणजे हातपाय जागेवर आहेत, एवढंच. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझा नातू प्रीतम जे मेसेज दाखवतो ते तू चष्मा लावूनही वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचं आहे ते मोठ्याने सांगण्यासारखं नाही, सून जेवायला बसली आहे.

बाकी सगळी यात्रा एकीकडे आणि कँडीहून अनुराधपूरला बसने नेऊन रात्री परत आणायचा तो एक दिवस एकीकडे. त्याची मला अजून शिसारी येते. वहिनी गेल्यावर तिची पौर्णिमेला विहारात नेसायची पांढरी साडी तू माझ्या हाती दिलीस आणि सांगितलंस की हीच साडी नेसून अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली एकदा उभं राहायचं, एवढंच तिने आयुष्यात मागितलं होतं. तिच्याऐवजी मी उभी राहीन असा शब्द मी दिला. त्या शब्दापायी बंडूच्या टूरमध्ये नाव घातलं. हा बंडू आमच्याच गल्लीतला. लग्नाला खुर्च्या भाड्याने देता देता परदेशाच्या सहली काढायला लागला. माणसांनाही तो खुर्च्यांसारखाच समजतो, एकावर एक रचतो.

त्या दिवशी अंधारातच उठवून आम्हाला बसमध्ये कोंबलं. वाटेत कपडे बदलायला जागा नाही असं बंडू म्हणाला, म्हणून मी वहिनीची साडी हॉटेलातूनच नेसून निघाले. बसच्या खिडक्या कायमच्या बंद. थंड हवेच्या झरोक्यातून आधीच्या लोकांच्या मोज्यांचा वास येत होता. पुढचे गृहस्थ मोबाईलवर मोठ्याने विनोद ऐकत होते, मागच्या बाई नखं कापत होत्या आणि त्यातलं एक नख उडून माझ्या मांडीवर पडलं. मी ते कागदात गुंडाळून त्यांना परत केलं.

माझ्या शेजारी खुशालराव. चांदूर बाजारचे निवृत्त ग्रामसेवक. त्यांची बायको खिडकी हवी म्हणून पुढे जाऊन बसली आणि बंडूने त्यांना माझ्या शेजारी लावलं. कुणी न विचारता ते सारखं सांगत होते की मले गाडी लागत नाही, अर्धा जनम एसटीत गेला. घाटात त्यांनाच गाडी लागली. पुढचं लिहीत नाही.

मग मसाल्याच्या बागेत थांबवलं. आपल्या डब्यात असते तीच दालचिनी एका पोराने झाडासकट दाखवली. मग खड्यांच्या दुकानात नेलं. सगळ्यांचे सगळे ट्रे पाहून होईस्तोवर बस उघडायची नाही, असं त्या दुकानदाराचं आणि बंडूचं ठरलेलं दिसलं. जेवण म्हणजे आंबूस वरण आणि तेलावर तरंगणारा कोबी. बायकांच्या संडासात घोट्यापर्यंत पाणी होतं आणि ते पाणी कशाचं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पदर दातात धरून उभी होते. अशा दिवसाला सहल म्हणायचं असेल तर आपली मूर्तिजापूरची बैलगाडी बरी.

अनुराधपूरला दर्शन झालं. साडी धुऊन ठेवली आहे, सवडीने पाठवते.

वहिनी हुशार. पहिली खेप सोडली तर जन्मभर अमरावतीहून माझ्याकडे आली ती रेल्वेनेच. मी तिला रेल्वेची राणी म्हणून चिडवत असे, पण तिचंच बरोबर होतं.

गोळ्या वेळेवर घे. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
भागीरथा

अमरावती
१५ मार्च २०२५

चि. भागीरथास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. संडासाला तीन ओळी दिल्यास आणि बोधिवृक्षाला एक. अशी माझी बहीण नाही. तू दोन दिवस बुद्धगयेला गेली होतीस तेव्हा तिथल्या एकेका पानाचं वर्णन पाठवलं होतंस.

इतकी वर्षं मी शाळेत उत्तरपत्रिका तपासल्या. उत्तर येत नसलं की पोरं प्रश्नाच्या आजूबाजूला खूप लिहितात. तुझं पत्र तसं आहे. खुशालरावांना गाडी लागली ती कुठे लागली, म्हणजे कशावर लागली, हे तू गाळलंस. आणि ज्या माणसाचा अर्धा जन्म एसटीत गेला त्याने त्या सकाळी असं काय खाल्लं होतं, हेही नाही.

साडी सवडीने पाठवू नको. सहा एप्रिलला तुझ्या वहिनीचा पहिला स्मृतिदिन आहे. विहारात भन्तेजी येणार आहेत. तिच्या फोटोपुढे ती साडी घडी करून ठेवायची आणि ती अनुराधपूरला जाऊन आली हे लोकांना सांगायचं, असं मी ठरवलं आहे. सगळ्यांना बोलूनही बसलो आहे. तिच्यासाठी मला आता करण्यासारखं तेवढंच उरलं आहे. तेव्हा जे झालं ते खरं लिही. रागावणार नाही, आणि रागावलो तरी माझं ओरडणं अकोल्यापर्यंत येत नाही.

पोरांना आशीर्वाद. पत्र टाकायला आळस नको.

तुझा,
दादा

जठारपेठ, अकोला
२० मार्च २०२५

ती. दादास,
जय भीम. आज खुशाली विचारायला तोंड नाही, तरी विचारते. कसा आहेस?

तू ओळखलंस. खुशालराव माझ्यावर ओकले. माझ्यावर म्हणजे वहिनीच्या साडीवर. पदरापासून निऱ्यांपर्यंत. आणि जे बाहेर आलं ते माझंच होतं. मी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, भरपूर हळद घातलेल्या, आणि लिंबाचं लोणचं. शेजारी माणूस बसला आहे आणि आपण डबा उघडून एकटं खायचं, हे आपल्याकडे कुणाच्या हातून झालं आहे का? मी त्यांना एक पुरी दिली. ते नको म्हणाले. आपल्याकडे नको म्हणजे काय हे तुला माहीत आहे. मी अजून दोन वाढल्या. त्यांनी पोटावर हात ठेवून सांगितलं की बाई, आता पुरे, घाट सुरू झाला. मी म्हटलं की तुम्हाला तर गाडी लागत नाही, आणि शेवटची पुरी त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी भिडेपोटी खाल्ली. म्हणून किळस त्यांची जितकी येते तितकीच माझीही येते.

बंडूने टिश्यूचा एक कागद दिला. एक. मसाल्याच्या बागेतल्या पोराने वास जावा म्हणून दालचिनीचं तेल शिंपडलं, तर दोन्ही वास एकमेकांत मिसळून असे काही झाले की पुढच्या रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. संडासातल्या नळावर साबण लावला तर हळदीचा डाग लाल झाला. इतकी वर्षं घर चालवून हळदीला साबण लावला मी. डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय.

अनुराधपूरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. खड्यांच्या दुकानात वेळ गेला म्हणून बंडूने लवकर परत यायला बजावलं. चपला बाहेर ठेवून तापलेल्या वाळूतून गेले. आत जिकडेतिकडे पांढरे कपडे, दादा, म्हाताऱ्या, पोरी, लेकुरवाळ्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र, हातात निळी कमळं. आणि मी लाल-पिवळी, वास मारणारी. एका आजीने माझ्याकडे पाहून सरकून जागा केली. तिने मायेने केली असेल, मला ती किळसेने केल्यासारखी वाटली. मी पुढे गेलेच नाही. मागच्या भिंतीशी डागाची बाजू आत दुमडून उभी राहिले. झाडाकडे वर पाहिलंसुद्धा नाही. पंचशील म्हणायला लागले ते तिसऱ्यावर अडकलं. तेवढ्यात बंडूची शिट्टी झाली.

मी दिलेला शब्द पाळला नाही. साडी उन्हात घातली आहे, डाग फिका झाला पण गेला नाही. ही साडी फोटोपुढे कशी ठेवशील? लोकांना काय सांगशील? माझ्याजवळ एक नवी पांढरी साडी आहे, तीच पाठवू का? कुणाला कळणार नाही.

जमल्यास माया ठेव.

तुझी,
भागीरथा

अमरावती
२६ मार्च २०२५

चि. भागीरथास,
पोटभर आशीर्वाद. जय भीम.

नवी साडी पाठवलीस तर परत करीन.

आता तुला एक गोष्ट सांगतो. ती तुला सांगायची नाही अशी शपथ मला घातलेली होती, पण घालणारी राहिली नाही. आमचं लग्न झालं तेव्हा पहिल्यांदा तुझ्या सासरी अकोल्याला आम्ही एसटीने निघालो. मी नवा पांढरा सदरा घातला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे तुझी वहिनी माझ्यावर ओकली. सदऱ्यापासून धोतरापर्यंत. मूर्तिजापूरला उतरून एका विहिरीवर आम्ही ते धुतलं आणि मी ओल्या कपड्यांनी तुमच्या दारात आलो. वाटेत पाऊस लागला असं मी तेव्हा सांगितलं होतं. उन्हाळ्यात. तुम्ही कुणी काही विचारलं नाही, नवं जोडपं म्हणून.

तिला गाडी लागत असे, भागीरथा. एसटी, जीप, टेम्पो, सगळं. फक्त रेल्वे सोसत असे. तुला हे कळलं तर तू हसशील, नणंद आहे, जन्मभर चिडवेल, म्हणून तिने मला शपथ घातली. तू रेल्वेची राणी म्हणायचीस तेव्हा ती ऐकून घ्यायची. घमेंडखोर म्हटलेलं चालेल, पण ओकणारी म्हटलेलं नको, असा तिचा हिशोब. मी अनुराधपूरला नेतो असं दरवर्षी म्हणत होतो आणि ती दरवर्षी विचारत होती की तिथपर्यंत रेल्वे जाते का. मी चौकशी केली नाही. ते जाऊ दे.

तुझं पत्र वाचून मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. प्रीतम धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं. मग रडलोही थोडा, ते त्याला दिसू दिलं नाही.

नीट विचार कर. ती स्वतः गेली असती तर त्याच बसमध्ये, त्याच घाटात, साडीची हीच दशा झाली असती. आणि लाजून तीही मागच्या भिंतीशीच उभी राहिली असती. तेव्हा तू शब्द मोडलास असं मला वाटत नाही. ती जशी पोचली असती, अगदी तशी पोचली.

साडी तीच आण, डागासकट. फोटोपुढे डाग वर ठेवून घडी करू. कुणी विचारलं तर मी खरं सांगणार आहे, शपथ आता सुटली.

पाच तारखेला ये. तिखटमिठाच्या पुऱ्या कर, हळद कमी घालू नको. माझी माया जशी होती तशीच आहे.

तुझा,
दादा

ता. क. येशील ती रेल्वेने ये.