सायराचा दहावीचा फॉर्म

प्रिय सायरा,

तुझ्या नाजिशचा अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला आणि तू अजून हो म्हटलेलं नाहीस. फोनवर तू आपलंच घोडं दामटतेस, मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. "शारदे, एकच पोरगी हाये वं, इतक्या दूर कशी धाडू तिले?" असं तू म्हणालीस.

डोणगावजवळचा तो सीड प्लॉट आठवतो ना? बीटी कपाशी नवी होती, बियाण्याला उठाव होता, आणि आपण दहावीतल्या पोरी शाळा बुडवून क्रॉसिंगला जायचो. दुपारी कळी सोलून आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर नरफूल घासायचं. माझ्या हातून निम्म्या कळ्या मोडायच्या. मुकादम येण्याआधी माझी ओळ तूच पुरी करून द्यायचीस, वर मला "आंधळे" म्हणायचीस. तुझ्याशिवाय मला कोणी जोडीला घेतलंच नसतं गं.

त्याच हंगामात तू पंधरा दिवस शेगावला मावशीकडे होतीस. तेव्हा आपल्या शाळेचे महादेव सर शेताच्या धुऱ्यावर आले होते, तुझा बोर्डाचा फॉर्म घेऊन. फक्त तुझी सही हवी होती. तू पास होणार, बुलडाण्याला शिकायला जाणार, आणि मी त्या ओळीत एकटी उरणार, एवढंच मला दिसलं. मी सरांना म्हटलं, "सायराचं लगन जुळलं सर, ते नाही शिकत आता." सर फॉर्म घडी करून निघून गेले. तू आलीस तोवर फॉर्मची तारीख उलटून गेली होती; तू विचारलंस, मी म्हटलं, सर आलेच नाहीत. सर तुला विसरले असं तू आजही म्हणतेस. वीस वर्षं मी ते ऐकून घेते. तुझं वाईट करावं असं मनात नव्हतं, तू मला हवी होतीस, बस.

काल नाजिशचा फोन आला. म्हणाली, मावशी, मीच नाही म्हणते, अम्मी एकटी पडेल. अगदी शहाण्यासारखी बोलत होती, मला ऐकवेना. म्हणून आज हे सांगितलं. माझ्यावर चीड, वर्षभर बोलू नकोस, मी दारात आले तर दार लावून घे. पण सोमवारी प्रवेशाची शेवटची तारीख आहे. तू स्वतः तिच्यासोबत अकोल्याला जा.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
शारदा