रविनाला मुरळी सोडू नये म्हणून

प्रति,
मा. बालविकास प्रकल्प अधिकारी,
तालुका कार्यालय, देवखेडे, जि. नंदुरबार.

विषय : नात रविना (वय ९) हिचे चैत्र पौर्णिमेस खंडोबाशी लग्न लावून तिला मुरळी सोडणार आहेत, ते थांबविणेबाबत.
संदर्भ : आपला चौकशी अहवाल, 'अशी प्रथा आढळून आली नाही.'

महोदय,

"देवले बायको नही लागस, माय. माणसेसले लागस." शहाद्याच्या बसस्टँडवर, तरण्या अर्जदाराच्या गळ्यातली मुरळीची कवड्यांची माळ हातात धरून कनगवल्लीअम्मा हे बोलल्या होत्या. अम्मा तमिळ. त्यांची आई तिकडच्या देवळात देवाला वाहिलेली. ही चाल मोडायला त्या इथवर आल्या, गावोगाव हिंडल्या, अहिराणी शिकल्या. आपल्या अहवालात त्या 'चिथावणीखोर परप्रांतीय महिला' आहेत.

१. चौकशी आपण देवळातच उरकलीत. यात्रा समितीचे अध्यक्ष नवनीतभाऊ यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्याच घरची पुरणपोळी खात आपण बायांना विचारलेत, "जबरदस्ती होते का कोणावर?" बाया तोंडात पदर धरून उभ्या. आपण लिहिलेत, 'महिला समाधानी.' तूप चांगले होते, असे आपला शिपाई सांगत होता.

२. प्रथा नाही, तर अर्जदार कोण? तिच्या शिधापत्रिकेवर सरकारनेच पतीचे नाव 'खंडेराव' छापले आहे. सातव्या वर्षी भंडारा उधळून हे लग्न लागले. नवरदेवाने कधी घागरभर पाणी आणले नाही. लेक रोहिणी, म्हणजे रविनाची आई, तापात गेली, तेव्हाही ते देवळातून हलले नाहीत. पुढील चौकशीस त्यांना समक्ष बोलवावे. पुरणपोळी अर्जदार करील.

३. समिती म्हणते, मुरळीची नात देवाचीच. अर्जदाराने नकार देताच तिचा नळ तोडला. पौर्णिमेच्या या लग्नास आपण 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणता. पोरीला वाटते, नवा परकर मिळणार. अंगणात गिरक्या घेत हिंडते. तिच्या गिरकीला अजून देव ठाऊक नाही, माणूसही नाही.

जाता जाता आपण विचारले होते, "त्या रोहिणीचा बाप कोण?" नवनीतभाऊ म्हणाले, "देवनी पोर शे, साहेब!" समिती हसली. आपणही हसलात. अर्जदार खाली बघत राहिली.

आता मी वर बघून सांगते. रोहिणीचा बाप नवनीतभाऊ. रविना त्यांची नात. तिला लावायची हळद आज त्यांच्याच ओट्यावर कुटली जात आहे.

आता लिहा, आढळून आली नाही.

आपली
('नम्र' पौर्णिमेनंतर, पोर घरात राहिली तर)
बेबीबाई
पतीचे नाव : नाही
दि. २४ मार्च २०२५

सोबत : शिधापत्रिकेची प्रत, कवड्यांची माळ, परत नको.