बोलणं बंद, डाव चालू

३ नोव्हेंबर १९९१
शेवटी झालंच. भगवंतरावाला वाळीत टाकलं! त्याच्या विधवा मुलीनं, मनकर्णानं, बेल्लमपल्लीला खाणीतल्या एका परजातीच्या माणसाशी लग्न केलं — हा गुन्हा. लग्न मुलीचं, शिक्षा बापाला. आमच्या जातीचे मुख्य पंच उत्तमराव मधोमध बसून म्हणाले, "पोरगी मेली म्हन, इथंच मिटवून टाकू."

भगवंता उभा राहिला. "जित्या पोरीले मेली कसं म्हनू, भाऊ?" एवढंच बोलला आणि निघून गेला. मग बंदी. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. जो बोलेल तोही वाळीत.

मी मान खाली घालून बसलो होतो. थू!

५ नोव्हेंबर
रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर आमचा बुद्धिबळाचा डाव असायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून. आज दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. गया पाहत होती. म्हणाली, "आपल्या चंद्रभागेची सोयरीक जुळून राह्यली. पोरीच्या अंगाले हळद लागू द्या, मंग खेळा किती बी."

खरं आहे. माघात लग्न धरायचं चाललंय. पण तिकडं भगवंता एकटा. बायको मागेच गेली, आता मुलगीही नाही. बोलणार कुणाशी, भिंतीशी?

९ नोव्हेंबर
बोलणं बंद म्हणाले. खेळणं बंद असं कुणी म्हटलेलं नाही! काहीतरी वाट काढायची.
पोस्टकार्ड? आमचा पोस्टमन पारावर बसून सगळ्यांची कार्डं मोठ्यानं वाचतो. राहिलं.

१२ नोव्हेंबर
भाजीवाली बयनाबाई वांगी-मिरच्या घेऊन दोन्ही घरी जाते. आमच्या जातीची नाही, तिला बंदी नाही. तिच्याकडून तोंडी चाल पाठवली. दुपारी उत्तर घेऊन आली — "उंट दोन घरं सरकवला म्हंते. नाई तं हत्ती. मले काय समजते! जनावर व्हतं येवढं खरं."

हसलो. बंदीनंतर पहिल्यांदाच. पण असा डाव होत नाही. शिवाय बाई दहा घरांत बसते, दहा ठिकाणी सांगेल.

१७ नोव्हेंबर
टेलिफोन करून पाहिला. बयनाबाईकडूनच ठरवलं होतं — तो बोथ गावी ओळखीच्या दुकानात थांबणार, मी इचोड्याच्या बूथवरून लावणार. छोटा पट मांडीवर घेऊन त्या काचेच्या पेटीत बसलो. लागला! तिकडून त्याचा आवाज — "वामन? वामन, बोल नं बे."

तोंड उघडलं, तर काचेबाहेर उत्तमरावांचा मेहुणा उभा. पटकन फोन ठेवून दिला. त्याला म्हणालो, कापसाचा भाव विचारत होतो. भगवंता तिकडं अजून 'बोल नं' म्हणत असेल. एक शब्द बोललो नाही मी त्याच्याशी. किती भित्रा माणूस आहे मी!

२१ नोव्हेंबर
सापडली जागा! इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही?
आमची आणि भगवंताची विहीर सामाईक आहे. ती पंचांना तोडता आली नाही, म्हणून पाळ्या लावून दिल्या. सकाळी त्यानं पाणी घ्यायचं, संध्याकाळी मी. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला एकच कुलूप — एक किल्ली त्याच्याकडं, एक माझ्याकडं. तिसरं कुणी आत जात नाही. आज ऑइलच्या पिंपावर पट मांडला. पांढरं प्यादं पुढं केलं आणि वर पोतं झाकून आलो.

२२ नोव्हेंबर
काळं प्यादं पुढं आलंय!!

५ डिसेंबर
दिवसाला एक चाल. कापूस वेचायला बाया लावल्यात, पण माझं लक्ष सगळं संध्याकाळकडं. भगवंता पूर्वी धसमुसळा खेळायचा — "खेळ नं लवकर, काऊन इचार करून राह्यला?" आता एकेक चाल तोलूनमापून येते. वेळच वेळ आहे त्याच्याकडं. आज घोड्याला त्याच्या बोटाची तंबाखू लागली होती. हुंगली. लाज वाटली, तरी हुंगली.

१४ डिसेंबर
तीन दिवस चाल नाही. आज मोटार चालू करायच्या आधी विहिरीत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिलो. काही नव्हतं.
गयाला सांगितलं नाही.

१५ डिसेंबर
चाल आली! ताप असावा, प्यादं नीट घरात नव्हतं, रेघेवर ठेवलेलं. तापात त्याला घोटभर पाणी कुणी दिलं असेल? मी द्यायला हवं होतं. घर काही लांब नाही.

२८ डिसेंबर
चंद्रभागेचा साखरपुडा झाला. मुलगा चांगला आहे, माणसंही. चंद्रभागा सारखी हसत होती, मैत्रिणींनी चिडवलं की आणखी लाजत होती. उत्तमराव पंगतीत मिरवत होते. भगवंतानं तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. तो आज कुडापलीकडं, बंद दाराआड. वास तर गेलाच असेल त्याला बुंदीचा.

संध्याकाळी एक लाडू पटाशेजारी ठेवला.

२९ डिसेंबर
लाडू नाही. चाल आहे. माझा हत्ती गेला — खाऊन पिऊन वर हत्ती!

१६ जानेवारी १९९२
भगवंतानं हात टेकले. पंचांकडं निरोप पाठवला, उद्या बैठक. सगळ्यांसमोर मनकर्णा मेली म्हणणार. कसं म्हणेल? आणि खरं सांगू — आनंदही होतोय. परवापासून ओट्यावर उघड डाव! असा आनंद व्हावा याची शरम वाटते, पण होतोय.

गया म्हणाली, "परत घेताना इचारतात नं, बंदीत कोन कोन बोललं ते?"
विचारू देत. आम्ही एक शब्द बोललो नाही.

१९ जानेवारी
चंद्रभागेची सोयरीक मोडली. भगवंताला जातीत घेतलं, आम्हाला वाळीत टाकलं. बंदी कुणी मोडली त्याचं नाव दिल्याशिवाय घेत नाही म्हणाले, त्यानं माझं दिलं.

संध्याकाळी मोटारीच्या खोलीत गेलो. पोतं उचललं. त्यानं आजही चाल करून ठेवली होती!

पट घरी आणला.