दादाचा राखाडी

प्रिय वहिनी,

ब्लॉग उघडलास तर दचकू नकोस, चुकीच्या पानावर आलेली नाहीस. दादाचा राखाडी रंग मी काढला. आईच्या सांगण्यावरून काढला, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

बदली होऊन जाताना तू पासवर्ड माझ्या हाती दिलास, ‘आता तूच बघ’ म्हणालीस, आणि मी तिकडे फिरकलेच नाही. धीर होत नव्हता. तुम्हा दोघांच्या त्या झाडांच्या ब्लॉगला दादा दर ऋतूत नवे कपडे चढवायचा, ते आठवायचं. तू लेख लिहून मोकळी व्हायचीस. तो मात्र रस्त्यावरचं एखादं पान खिशात घालून आणायचा, पडद्याशेजारी धरायचा आणि तसाच रंग जुळेपर्यंत अख्ख्या घराला वेठीला धरायचा. मथळ्याला हा बरा की तो? पानगळीत त्याने असा काही तांबूस निवडला होता की बाबांना वाटलं, संगणकच बिघडला. शेवटचा राखाडी त्याने हॉस्पिटलच्या खाटेवर बसून लावला. अक्षरं दिसत नाहीत म्हणून तू कुरकुरलीस, तर म्हणाला, थंडी आहे तोवर सोसा. थंडी सरायच्या आत तोच गेला, आणि ब्लॉगवर ती इतकी वर्षं तशीच राहिली.

तुला ठाऊक नसेल, बाबा रोज सकाळी पेपर बाजूला सारून तुझे जुने लेख वाचतात. अलीकडे त्यांची नजर फारच अधू झालीय, राखाडीवरची ती करडी अक्षरं दिसेनात. नाक पडद्याला टेकवून वाचायचे बिचारे. एकदा आई आत असताना मला हळूच म्हणाले, अक्षरं तेवढी काळी करून दे. मी करायला गेले आणि मथळ्यावरचा फोटोच गायब. आम्ही दोघं चोरी पकडली गेल्यासारखे बसलो होतो, तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. तिचा आवाज जराही चढला नाही.

“त्याच्या हातचं शेवटचं तेवढंच उरलंय. त्याला हात लावू नका.”

मी सगळं होतं तसं करून ठेवलं. त्यानंतर कित्येक दिवस घरात संगणक कुणी उघडला नाही. बाबा पेपर वाचायचे, म्हणजे नुसता समोर धरायचे. आई तुझी खोली रोज झाडायची, पलंगावरची चादर बदलायची, आणि त्यावर आम्ही काही बोलायचं नाही असं ठरूनच गेलं होतं.

आणि गेल्या रविवारी तीच माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. म्हणाली, बाहेर पालवी फुटलीय, तिथला रंग बदल. मी एकेक हिरवा दाखवत गेले. हा भडक, हा औषधाच्या बाटलीसारखा, हा शेवाळलेला. दादाची ती कटकट कुठून आली होती, ते त्या दिवशी कळलं. शेवटी तिने पिवळसर कोवळा असा एक पसंत केला. मी बटण दाबलं आणि राखाडी गेला, तेव्हा तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग तिने बाबांना हाक मारली. त्यांनी तुझा एक लेख मोठ्याने वाचायला घेतला. दादा झाडावर चढला आणि त्याला खाली उतरता येईना, तो. निम्म्यावर त्यांचा आवाज गेला. पुढचं आईने वाचलं.

आता हे पत्र का लिहिते आहे, ते सांगते. त्या रविवारच्या आदल्या दिवशी तुझ्या ऑफिसातले ते गृहस्थ घरी येऊन गेले. तेच, ज्यांच्याविषयी तू फोनवर एकदाच बोललीस आणि लगेच विषय बदललास. तुला न सांगता आले होते, पण वहिनी, त्यांच्यावर रागावू नकोस. तू त्यांना लग्नाला नाही म्हणालीस आणि त्याचं कारण आम्ही आहोत, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं. चहा गार होऊन गेला. आईने एवढंच विचारलं, ती लिहिते ते माहीत आहे ना? त्यांनी तुमचा ब्लॉग पहिल्यापासून वाचलाय, दादाचे सगळे फोटो पाहिलेत. ते गेल्यावर आईने कपबशा उचलल्या. मग म्हणाली, “मुलगा गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. सुनेसाठी निदान कुणी विचारायला तरी आलं. तिला लिही, हो म्हण.”

तुझीच,
नणंदबाई
(ही जागा मी काही सोडणार नाही)