लांगीची तक्रार कुणी केली?

सालेलोलोगा,
४ ऑक्टोबर १९९६

ती. पेलेनातोदादास,
फुआतिनोचा सा. न. वि. वि.

ऑकलंडच्या थंडीत तुझा खोकला बरा असेल असं धरून चालते. इथे सगळं ठीक आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. लांगीच्या शाळेतून निरोप आलाय. केस कापा, मुलांचा गणवेश घाला, नाहीतर वसतिगृह सोडा! अरे, जन्मली मुलगा म्हणून, पण चालायला लागल्यापासून ती माझी मुलगीच आहे. फाआफाफिने म्हणून अख्खं गाव तिला ओळखतं. चर्चच्या पोरींचा नाच तीच बसवते. मग आत्ताच कुणाच्या डोळ्यांत खुपली? नवे मुख्याध्यापक म्हणतात, तक्रार गावातूनच आली.

मला पाद्रीबाई मेरिपाचा संशय येतो. रविवारी जेवताना लांगीची चौकशी पुन्हा पुन्हा करत होती. आणि खरं सांगू? एतुआलेवरही भरवसा उरला नाही. होडी किनाऱ्यावर ठेवून तो फेरीबोटीने पलीकडच्या बेटावर जातो. विचारलं, तर म्हणतो जाळ्याचा दोरा आणायला. दोरा काही घरात येत नाही. नवऱ्याबद्दल असं लिहायची वेळ आली बघ.

वहिनीला सांग, आठवण काढते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
फुआतिनो

ऑकलंड,
१३ ऑक्टोबर

चि. फुआतिनोस अनेक आशीर्वाद.

तुझा संशयी स्वभाव काही जात नाही. माझ्या लग्नात केकचा तुकडा कमी पडला, तर तू थेट पाद्र्यालाच जाब विचारलास! मेरिपाला सोड, ती सगळ्यांचीच चौकशी करते.

एतुआलेचं मात्र मलाही खटकतंय. गेल्या नाताळात तो इथे आला होता, तेव्हा म्हणाला होता, जग वाईट आहे, पोरीनं जरा सांभाळून राहावं. मी हसण्यावारी नेलं. आता वाटतं, शाळेशी त्यानेच काहीतरी ठरवलं नाही ना? घरात बसून कुढू नकोस. पुढच्या वेळी त्याच्यामागोमाग बोटीत बस. लांगीला मामाचा मुका. तुझ्या दादावर लोभ असू दे.

पेलेनातो

सालेलोलोगा,
२६ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

गेले रे मागोमाग. एतुआले पलीकडच्या बेटावर लांगीच्याच शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. अंगात चर्चचा शर्ट. शिपाई म्हणाला, रोज येऊन बसतात, साहेब भेटत नाहीत. मी तरीही तोंड सोडलंच. पोरीला परस्पर शाळेतून काढायला आलास का, म्हटलं. तो बाकावरून उठला. मग हळूच म्हणाला, तक्रार तूच केलीस ना? केस बांध, केस बांध म्हणून तूच तिच्यामागे लागायचीस. म्हणून तर तुला न सांगता तिची बाजू मांडायला येत होतो.

दादा, एका चटईवर झोपत होतो आम्ही, आणि दोघांच्याही मनात हे!

दोघं मिळून दार ढकलून आत गेलो. तक्रार कुणाची, नाव सांगा म्हटलं. मुख्याध्यापकांनी बरीच टाळाटाळ केली, शेवटी कबूल केलं. तक्रार कुणाचीच नव्हती. बक्षीस समारंभाला परदेशी पाहुणे येणार, त्यांच्यासमोर बरं दिसत नाही म्हणे. गावाचं नाव घेतलं की आईबाप मुकाट्याने ऐकतात, हे त्यांना ठाऊक होतं.

दिवसभरात चार शब्द न बोलणारा एतुआले तेव्हा बोलला. पोर नको असेल तर रविवारी चर्चमध्ये उभं राहून तुमच्या तोंडाने सांगा, आमच्या गावाच्या आडून नको. वर्ष संपेपर्यंत आहे तशी राहू दे, मुख्याध्यापक म्हणाले. शाळा चर्चची, तेव्हा पुढचं चर्चची समिती ठरवेल. मेरिपाचा भाऊ त्या समितीत आहे. तिच्याकडे जाऊन माझं मन मोकळं करणार आहे.

मग लांगीला बोलावलं. केस तिने आदल्या दिवशी स्वतःच कापले होते, वेडेवाकडे, कानाच्या वर. आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत तिने एवढंच विचारलं, तुमच्यापैकी कुणी?

कुणीच नाही, म्हटलं. सगळं सांगितलं. तिने मान हलवली, बापाने आणलेले तळलेले गोड पानिकेके घेतले. पण फाटकापर्यंतसुद्धा सोडायला आली नाही. शनिवारी पुन्हा जाणार आहोत, दोघं बरोबर. तिला खरं वाटेपर्यंत जात राहू.

तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

फुआतिनो