जांभळा करगा

१७ जुलै २०२५

गुरुजींनी आजच्या सत्संगात करग्याचा दाखला दिला. शब्द जसेच्या तसे लिहिते — "करगा धानासारखा हुबेहूब. पान तेच, उंची तीच, रंग तोच. लोंबी बाहेर येईपर्यंत शेतकऱ्याला पत्ता लागत नाही. एवढी नक्कल बुद्धीशिवाय होते का? नक्कल आहे म्हणजे नक्कल करणारा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनीही.

मी तिथेच बोलायला हवं होतं.

याच गुलाबचंद गुरुजींनी मला सातवीत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक दाखवला होता. म्हणून राग जास्त येतो.

२० जुलै

कागदावर मांडून ठेवते, म्हणजे वाद घालताना घसरणार नाही.

करगा हा धानाचाच रानटी भाऊबंद. धानातच वाढतो, पण त्याचा दाणा कापणीच्या आधीच झडतो आणि पुढच्या वर्षी त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उगवतो. बियाण्याच्या शेतात तो अजिबात चालत नाही. २०२२ ला तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्या बियाणं पिकवणाऱ्या गटाची नऊच्या नऊ शेतं नापास केली. बाबांचंही.

योजना माझी. तीन वर्षं बियाण्याचं पीक घ्यायचं नाही. जांभळ्या पानांचा धान पेरायचा. जांभळ्यात हिरवा करगा उठून दिसतो, निंदणात, तण काढताना, उपटला जातो. तीन वर्षांत बांधी साफ. हे तिसरं वर्ष. पुढच्या खरिपात पुन्हा बियाण्याचा धान. योजना मांडली तेव्हा मी बावीस वर्षांची, कृषी पदवी नुकतीच हातात, गोंदियाच्या बीज प्रयोगशाळेत लागून चार महिने. नऊ घरांनी माझ्या शब्दावर तीन हंगाम सोडले. आणि त्यांना तयार केलं गुरुजींनी, गटाचे अध्यक्ष म्हणून. हे विसरायचं नाही.

आता नक्कल. पिढ्यान् पिढ्या बाया निंदण करत आल्या. वेगळा दिसणारा करगा उपटला गेला. धानासारखा दिसणारा नजरेतून सुटला, त्याचं बी पडलं. दरवर्षी हेच. नक्कल कोणी केली नाही. नक्कल न जमलेले उपटले गेले, एवढंच.

हे त्या दिवशी तीन मिनिटांत सांगता आलं असतं.

२ ऑगस्ट

निंदण सुरू. रामकलीबाईंची टोळी, अकरा बाया. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून दरवर्षीचा नियम सांगितला. हिरवं दिसलं की उपटा, जांभळ्याला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी काही जणींनी अंदाजाने चांगला धानही उपटला होता. तेव्हापासून नियम.

रामकलीबाई म्हणाल्या, "बाई, तुमी सायेब झाल्या. आमी तं तुमच्या जन्माच्या आंधीपासून उपटून राह्यलो." बाया हसल्या.

मी नियम पुन्हा एकदा सांगितला.

२३ ऑगस्ट

काल पोळा. आज सकाळी गावची रोगराई घेऊन जाणारी बाहुली, नारबोद, गावाबाहेर नेली. "खोकला-खरूज घेऊन जा गे नारबोद" चाललेलं असताना धनेंद्रने मध्येच आवाज लावला, "करगा घेऊन जा गे नारबोद." हा गटातला सगळ्यात तरुण शेतकरी आणि सगळ्यात तोंडाळ. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या एकटीच्या भरवशावर नाही राहत मी. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवला."

त्याचं शेत आमच्या शेताला लागून आहे. साफ दिसतं. पुढच्या वर्षी दोन्ही अर्ज फाडेल.

२५ ऑगस्ट

गुरुजी घरी आले. गणेश मंडळाने ३१ तारखेला कार्यक्रम ठेवला आहे. विषय — सृष्टीला कर्ता आहे का. वीस मिनिटं ते, वीस मिनिटं मी. मंडळाला माझं नाव त्यांनीच सुचवलं.

बाबा चहा घेता घेता म्हणाले, "गुरुजींच्या विरोधात बोलशील? मंग गटात काय राहील आपलं?"

"लीलाधर, बोलू दे," गुरुजी म्हणाले. "मी हरलो तर मला आवडेल. फक्त एक ध्यानात ठेव, रुची बेटा. कोणाचा देव काढून घेशील, तर त्या जागी ठेवायला तुझ्याजवळ काही असलं पाहिजे."

मी म्हटलं, काढून काही घेणार नाही. दुरुस्ती करणार आहे.

हे उद्धट वाटलं असेल. पण खरं होतं.

३१ ऑगस्ट

मंडपात दीडशे तरी माणसं. अर्धी प्रसादासाठी.

गुरुजी चांगलं बोलले. डोळा, मधमाशीचं पोळं, मग करगा. शेवटी माझ्याकडे वळून, "उत्क्रांती म्हणतात. कोणी होताना पाहिली? हाडं दाखवतात. मला हाडं नको. होताना दाखव."

मी एका हातात साधा हिरवा धान घेतला, एका हातात करगा. पुढच्या रांगेला विचारलं, कोणता कोणता. चौघांपैकी तिघं चुकले. मग निंदणाची गोष्ट सांगितली. नक्कल कुठल्या बुद्धीने केली नाही, निंदणाऱ्या हातांनी झाली, आणि त्या हातांना ती नकोच होती. हे वाक्य लागलं.

"होताना पाहायचं असेल तर थांबा," मी म्हटलं. "आपण जांभळ्या बांधीत हिरवं उपटतो. असंच उपटत राहिलो तर करगाही जांभळा होईल. पंधरा-वीस वर्षं लागतील."

मागून कोणीतरी, "मंग देव नाही म्हणते का?"

"देव नाही असं म्हणत नाही. करगा समजायला तो लागत नाही, एवढंच म्हणते."

गुरुजी माईकशिवाय म्हणाले, "आणि तुला लागतो?"

"विषय करगा आहे." लोक हसले. टाळ्याही पडल्या. मी जिंकले, असं सगळे म्हणत होते.

घरी आल्यावर एक गोष्ट टोचते आहे. पंधरा-वीस हा आकडा मी कुठून आणला? अंदाज होता. अंदाज म्हणून सांगितला नाही.

३ सप्टेंबर

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आज म्हणाले, भाजीत मीठ जास्त आहे.

१५ सप्टेंबर

धनेंद्रच्या शेतात एक लोंबी इतरांच्या आधी निसवलेली. लांब कुसळं. दाणा चिमटीत धरला तर हातात सुटून आला. करगाच. खाली पान पाहिलं.

जांभळं.

खरं लिहायचं तर आधी आनंद झाला. गुरुजींनी मागितलेलं "होताना" माझ्या हातात होतं. मी मोबाईलवर फोटो काढले, मापाची पट्टी शेजारी ठेवून. मग मान वर केली आणि बांधीभर कुसळं दिसायला लागली.

१७ सप्टेंबर

प्रयोगशाळेतून दोन दिवस रजा. प्रत्येक शेतात वीस ठिकाणी एक-एक मीटरचा चौकोन टाकून मोजलं. नऊपैकी सात शेतांत जांभळा करगा. धनेंद्रकडे चौरस मीटरला सरासरी सहा रोपं, आमच्याकडे चार. २०२२ मध्ये आम्ही याहून कमीवर नापास झालो होतो.

कसं झालं हे कळतं. पहिल्या वर्षी निंदणातून सुटलेला थोडा हिरवा करगा फुलला, त्याचा जांभळ्या धानाशी संकर झाला. दुसऱ्या वर्षी त्यातून मोजकी जांभळी रोपं आली. त्यांचे दाणे झडले. तिसऱ्या वर्षी हे.

पण आकडा जुळत नाही. एवढी संख्या यायची तर गेल्या वर्षीच्या जवळजवळ सगळ्या जांभळ्या करग्यांचं बी पडलं असलं पाहिजे. अकरा जुन्या बायांच्या हातांतून इतके कसे सुटले?

१९ सप्टेंबर

गुरुजींना शेतात नेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पान उलटसुलट करून पाहिलं.

"होताना दाखवलंस," ते म्हणाले. "मान्य."

मला बरं वाटलं नाही.

"आता पुढचं सांग. नऊ घरांचं काय?"

२५ ला सभा आहे. तिघं गट सोडायच्या विचारात. सहापेक्षा कमी उरले तर बियाण्याचा गटच राहत नाही. धनेंद्र काल मला म्हणाला, "तीन वर्षांत करगा शिकला. आपण काय केलं?" त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

गुरुजी परत जाताना म्हणाले, "सभेत म्हण, निसर्गाने केलं, कोणाचा दोष नाही. तू म्हटलंच होतंस मंडपात. बाकीचं मी सांभाळतो."

दोष नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकायला सोपं होतं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२१ सप्टेंबर

आधी तो न जुळणारा आकडा. रामकलीबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मी जांभळ्या करग्याचं कोवळं रोप नेलं होतं. विचारलं, हे निंदणात ओळखू येतं का?

त्यांनी पाहिलंच नाही. पान दोन बोटांत धरून ओढलं. "करगा."

"कसं कळलं?"

"खरबरीत लागते. धानाचं पान असं लागत नाही. हाताले कळते, बाई. डोयाले नाही कळत."

"मग गेल्या वर्षी दिसले होते?"

"दिसले ना. लय दिसले."

"काऊन नाही उपटले?" माझ्या तोंडून असंच निघालं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमीच म्हणलं ना, जांभळ्याले हात नोको लावा. एक उपटला होता मी. तुमी धुऱ्यावरून वरडल्या. मंग कायले उपटू?"

आठवलं. ऑगस्ट २०२४, धनेंद्रची बांधी. मी ओरडले होते. त्यांच्या हातात काय आहे ते पाहायलाही गेले नव्हते.

घरी येऊन पुन्हा हिशेब केला. आता आकडा जुळतो.

मंडपात मी म्हटलं होतं, या नकलेमागे बुद्धी नाही. जांभळ्या करग्यामागे होती. माझी. शिकलेली, नीट आखलेली, एका वाक्यात बसणारी. हातांना वेगळं कळत होतं, त्यांना मी थांबवलं.

सभेत हे सांगणार. "निसर्गाने केलं" हे अर्धं खरं आहे. अर्ध्या खऱ्यावर पुढची योजना उभी करता येत नाही. पुन्हा जांभळाच पेरून पुन्हा तोच नियम लावला, तर करगा कधीच जाणार नाही.

२३ सप्टेंबर

बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "सभेत सांगितलंच पाहिजे का?"

"हो."

"लोक म्हणतील, मंडपात देवाले शिकवत होती."

"म्हणू दे."

ते म्हणाले, "मंग आपल्या शेतापासून सांग. धनेंद्रच्या नको."

२५ सप्टेंबर

सगळे नऊ आले. रामकलीबाईंना मी बोलावलं होतं. गटाच्या सभेत निंदणाऱ्या बाईला खुर्ची पहिल्यांदाच. धनेंद्रने आणून दिली.

मी उभी राहून सरळ सांगितलं. गेल्या वर्षी जांभळा करगा दिसला होता. बाया उपटू शकत होत्या. माझ्या नियमामुळे थांबल्या. आधी आमच्या शेताचा आकडा सांगितला, मग बाकीचे.

मग धनेंद्र म्हणाला, "म्हणजे देवानं नाही केलं, निसर्गानं नाही केलं. रुचीनं केलं." कोणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नाही.

मला वाटलं होतं, गुरुजी आता सत्संगासारखं काही बोलतील. त्यांना हक्क होता. कर्ता सापडला होता आणि तो चुकला होता, याहून चांगला दाखला त्यांना कुठे मिळणार! ते म्हणाले, "गणित बरोबर आहे ना?" मी हो म्हटलं. "मग उपाय सांग."

उपाय — करग्याचे दाणे झडायच्या आत सातही शेतांतलं पीक चाऱ्यासाठी कापायचं. या वर्षी दाणा घरात येणार नाही. पुढच्या वर्षी थेट पेरायचं नाही, आधी रोपं वाढवून रोवणी करायची, आणि निंदणात कोणता उपटायचा ते रामकलीबाई ठरवतील.

दोघांनी तिथल्या तिथे गट सोडला. सात उरले. धनेंद्र उरला. का उरला ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

रोवणीचा खर्च जास्त, म्हणून कुरकुर झाली. गुरुजींनी स्वतःचं शेत आधी कापायला सांगितलं. उद्या सकाळी सहाला.

२६ सप्टेंबर

गुरुजींचं शेत कापून झालं. दुपारी धुऱ्यावर रामकलीबाईंना म्हटलं, खरबरीत पानाची खूण मी नीट लिहून घेते, सगळ्या टोळ्यांना शिकवू. त्या म्हणाल्या, "लिहू नोका. माया सासूच्या टाइमाले करगा बुडाशी लाल रायचा. सगळ्या बाया लाल पाहूनच उपटत. आता लाल बुडाचा एक तरी दिसते का? आता सगळ्याईले खरबरीत शिकवलं तं तो गुळगुळीत होईल." मी विचारलं, हे इतकी वर्षं कोणाला का नाही सांगितलं. कोणी पुसलं नाही, म्हणाल्या. मग शेजारी बसलेल्या गुरुजींनी विचारलं, लाल बुडाचा करगा देवानेच नेला असेल ना?

"देवाले कायले मधात आणता, गुरुजी," त्या म्हणाल्या. "उपटत तं आमीच होतो."