पाचवीच्या पुस्तकातला चिखल

बाबा, घरात मी तुम्हाला ‘तू’च म्हणत होते. लिहायला बसले की तेवढं धाडस होत नाही, तेव्हा ‘तुम्ही’ चालवून घ्या. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. मी आता बोर्ली पंचतनला मुलींच्या शाळेत शिकवते, आई माझ्याजवळच असते, आणि पाचवीच्या वाचनपुस्तकात तो धडा अजून आहे. त्याचं मी काय करायचं ठरवलंय, ते तुम्हाला आधी सांगायला हवं.

ज्या सकाळचा तो धडा आहे, तेव्हा मी पाळण्यात होते. तुम्ही साहेबाच्या आगबोटीचं सुकाणू धरायचात, मुंबईहून मांडवा, मांडव्याहून रेवस. हिवाळ्यातलं धुकं असं उतरलं की बोटीचं नाक दिसेना. नकाशा आणि होकायंत्र साहेबाजवळ होतं, पण होकायंत्र दिशा सांगतं, पोटाखाली खडक आहे की नाही ते सांगत नाही. तुम्ही दोरीला बांधलेला शिशाचा ओळंबा पाण्यात सोडलात. त्याच्या बुडाला खोबण असते, खोबणीत चरबी भरतात, आणि तळाशी जे असेल ते त्या चरबीला चिकटून वर येतं. तुम्ही ते हुंगायचात आणि चिमूटभर जिभेवर ठेवायचात. मांडव्यासमोर दाताखाली शिंपल्यांची कचकच येते, रेवसच्या खाडीच्या तोंडाशी मऊ, जरासा गोडूस गाळ लागतो. अशी दर थोड्या वेळाने चव घेत घेत तुम्ही बोटीवरची सगळी माणसं धक्क्याला लावलीत. साहेबाला बढती मिळाली. पुढे त्याने आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि त्यातली दोन पानं मराठीत उतरून आमच्या वाचनपुस्तकात आली. त्यात साहेब शांतपणे होकायंत्राकडे पाहत उभा आहे, आणि ‘अडाणी खलाशी भीतीने समुद्राचा चिखल चाटीत दर्याची करुणा भाकीत होता.’

मी पाचवीत असताना तपासनीस आले, तेव्हा वाचायला मलाच उभं केलं होतं. तुम्ही धुतलेला सदरा घालून व्हरांड्याच्या खांबाशी उभे. चिखलाच्या वाक्यावर सगळा वर्ग हसला आणि मीही हसले. मला बिचारीला काय ठाऊक? संध्याकाळी चुलीपाशी मासे साफ करता करता आई म्हणाली, “त्यो खलाशी तुझा बापूस हाय.” मी रडायला लागले. तुम्ही मात्र रागावला नाहीत. “त्याला जेवरा दिसला तेवरा त्यानं लिवला,” एवढंच म्हणालात आणि जेवायला बसलात. रागावलात ते दुसऱ्या दिवशी. ओळंब्याचा ओला गाळ तळहातावर आणून तुम्ही माझ्यापुढे धरलात आणि मी हात मागे घेऊन ‘शी’ म्हणाले. तेव्हा पहिल्यांदाच तुमचा आवाज चढला. “शी नको बोलू. याच्यावं आपला घर चालतंय.”

तुमच्यासमोर तीन गोरे साहेब विलायतेहून नवेकोरे आले. तिघांनाही तुम्ही हा किनारा शिकवलात, आणि तिघेही एकापाठोपाठ एक तुमचे वरिष्ठ झाले. बोटीचा कप्तान होण्याचा परवाना काळ्या माणसाला मिळत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणालात, “त्यांचा कातडा गोरा, आपला काला. त्यात अकलेचा काय काम?” ते तिघे बुद्दू होते असं मी म्हणत नाही. पण एकाने दोनदा बोट वाळूवर घातली, तर कचेरीत म्हणाले, नवा आहे, शिकेल. तुमची एकदा जरी रुतली असती तर म्हणाले असते, काळा माणूस, दुसरं काय होणार. चुकायची मोकळीक त्यांना जन्मताच मिळालेली होती, आणि तुम्हाला उभ्या आयुष्यात एकदाही ती मिळाली नाही. मला चीड येते ती याची. पुस्तकातही तेच. साहेबाला नाव आहे, चेहरा आहे, मनात विचार आहेत; आपल्या माणसाच्या वाट्याला फक्त भीती.

आता इलाख्यात आपले मंत्री आलेत म्हणून पुस्तकं तपासायला काढलीत आणि शिक्षकांची मतं मागवलीत. मी लिहून देणार म्हटल्यावर हेडमास्तर म्हणाले, “बाई, तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. छापलेल्या धड्याशी कशाला भांडता?” मी भांडणारच आहे. धडा काढून टाका असं मी म्हणत नाही. साहेबाला भित्राही ठरवायचं नाही. तोही त्या धुक्यात सकाळभर जागचा हलला नव्हता, हे तुम्हीच सांगायचात. चिखल कशासाठी चाखतात आणि तो कोणी चाखला, एवढं त्यात आलं पाहिजे. तोवर मी स्वस्थ बसणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हा धडा तसा शिकवतच नाही. दिवेआगरच्या पुळणीवरची वाळू आणि खाडीचा गाळ दोन वाट्यांत आणते आणि डोळे मिटून ओळखायला लावते. त्या हसतात, पण ओळखतात.

आई आधी घाबरली. “नोकरी गेली तं खावाचा काय?” म्हणाली. मग तिने निवेदन माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या बापसाचा नाव कुठं हाय यात?”

नव्हतं. गेल्या महिन्यात शिक्षणखात्याचे अधिकारी शाळेत आले तेव्हा सगळ्या शिक्षकांसमोर मी धड्यामागची खरी हकिकत सांगितली, तर त्यांनी मला विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हणाले, आमच्या गावच्या एका खलाशाने. कागदावरही मी तेच लिहिलं होतं.

आज तो कागद फाडून दुसरा लिहिला. पहिलंच वाक्य असं आहे की या धड्यातला खलाशी म्हणजे माझे वडील. खाली तुमचं पूर्ण नाव आहे आणि माझी सही. उद्या सकाळच्या टपालाने तो जाईल. हे पत्र कुठे जायचं नाही, ते माझ्या पेटीतच राहील, म्हणून त्यात खरं लिहिते. त्या अधिकाऱ्यांपुढे मी तुम्हाला गावचा एक खलाशी केलं, ते नोकरीच्या भीतीने नव्हे, बाबा. मला तुमची लाज वाटली होती.